रामटेके गुरुजींची दाढ

समाजमंदिराच्या ओट्यावर सकाळी नऊपासून रांग लागली होती आणि रांगेत पहिला नंबर अर्थातच दौलत रामटेके गुरुजींचा होता. वय त्र्याऐंशी, गुडघे दोन्हीकडे वाकलेले, हातात काठी, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. गुरुजी पुढे उभे राहिल्याशिवाय हिवरदऱ्याच्या वस्तीतली रांग सरकतच नाही, असं लोक म्हणायचे. ही आपली थट्टा आहे हे गुरुजींना कधी कळलं नव्हतं.

टेबलामागे त्यांची मुलगी उत्पला बसली होती. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत ती वरिष्ठ तंत्रज्ञ होती. तिच्यासमोर मिक्सरएवढं यंत्र, त्याला एक नळी आणि नळीच्या टोकाला पेनासारखी कांडी. यंत्राचं कागदावरचं नाव दीड ओळीचं होतं. प्रयोगशाळेत सगळे त्याला ‘सुतार’ म्हणत, कारण कांडी दातावर टेकवली की ते सुतारपक्ष्यासारखं टकटक करी.

“आ करा, बाबा.”

“दुखते काय?”

“नाही. केसाएवढं भोक पडते. तुमाले समजनार बी नाही.”

“दुखलं तरी चालते. तलाव जिंकनाऱ्याचा पोरगा आहो मी,” गुरुजी मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. “लिहून घे, सारं तलावाचंच पानी निघन.”

उत्पलाने त्यांच्या तीन दाढांवर कांडी टेकवली. पहिली, मधली आणि सगळ्यात मागची अक्कलदाढ. टकटक झाली, यंत्राने आकडे गिळले, आणि तिने कुपीवर लिहिलं : नमुना क्रमांक एक.

वस्तीत एकसष्ट घरं होती. पन्नाशी ओलांडलेल्या जवळजवळ प्रत्येकाचे गुडघे गुरुजींसारखेच वाकलेले आणि दातांवर तपकिरी पट्टे. पाठीचा कणा ताठर होत जाऊन माणसाला मान वळवता येईनाशी व्हायची. कारण सगळ्यांना माहीत होतं. वस्तीच्या विहिरीत फ्लोराइड होतं, आणि विहिरीशेजारच्या बोअरमध्ये त्याहून जास्त. नळ आले तेही त्याच बोअरचे. गावाच्या नळांना मात्र तलावाचं पाणी होतं, ते गोड.

गेल्या वर्षी, म्हणजे २०३६ साली, वस्तीने उच्च न्यायालयात अर्ज केला की आम्हाला तलावाच्या योजनेला जोडा आणि आमच्या हाडांवर उपचार करा. ग्रामपंचायतीने उत्तर दिलं ते मोठं सभ्य होतं. तलाव १९६३ पासून सर्वांना खुला आहे. जिल्हा न्यायालयाचा तसा निकाल आहे. वस्तीतले लोक आपल्या मर्जीने विहिरीचं पाणी पीत आले, त्याला गाव काय करणार? पुरावा म्हणून त्यांनी दोन गोष्टी जोडल्या होत्या. एक, निकालदिनाचे फोटो. दुसरी, गुरुजींनी २०१३ साली लिहिलेली सुवर्णमहोत्सवी पुस्तिका. तिच्या चौथ्या पानावर छापलं होतं : ‘त्या दिवसापासून आम्ही तलावाचेच पाणी पितो.’

आता निकालदिन म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण असा सण दुसऱ्या कुठल्या गावात नाही. नऊ मार्च १९६३ रोजी गुरुजींच्या वडिलांनी, रघुनाथ रामटेक्यांनी, तलावाचा दावा जिंकला. तेव्हापासून दर नऊ मार्चला वस्ती बँड लावून तलावावर जाते. गुरुजी निकालाचा शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचतात आणि बारा पितळी गिलासांतून आळीपाळीने सगळे तलावाचं पाणी पितात. उत्पला लहान असताना आदल्या दिवशी ते बारा गिलास चिंचेने घासायचं काम तिचं असे. ती ते इतकं मन लावून करी की हातांना दोन दिवस चिंचेचा वास राही.

पुस्तिकेतल्या त्या एका ओळीने दावा अडला होता. वस्तीच्या वकील करुणा नगराळे यांनी उत्पलाला फोन करून विचारलं होतं, “मॅडम, माणसाने लहानपणी कुठलं पाणी प्यायलं हे तुमचं यंत्र सांगू शकतं का?” उत्पला म्हणाली होती, सांगू शकतं.

*

ते कसं, हे उत्पला नव्या लोकांना समजावताना हिवरदऱ्याचंच उदाहरण द्यायची.

गाव अशा जागी वसलंय जिथे काळा कातळ संपतो आणि त्याच्याखालचा जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. काळा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. ग्रॅनाइट त्याच्या कितीतरी पट म्हातारा. तलाव काळ्या दगडात आहे, विहीर ग्रॅनाइटमध्ये, आणि दोहोंत अंतर अर्धा मैल. प्रत्येक दगडात स्ट्रॉन्शियम नावाचा धातू असतो. त्याचे जड आणि हलके असे दोन प्रकार, आणि दगड जितका जुना तितकं त्यात जडाचं प्रमाण साधारणपणे जास्त. हे प्रमाण दगडातून पाण्यात उतरतं, पाण्यातून पोटात. शरीर भोळं आहे. त्याला स्ट्रॉन्शियम हे कॅल्शियमच वाटतं आणि ते त्याला दातात बसवून टाकतं.

दाताचं कवच एकदा तयार झालं की पुन्हा बदलत नाही. हाडं बदलतात, कातडी बदलते, कवच नाही. पहिल्या दाढेचं कवच जन्मापासून तीन वर्षांपर्यंत भरतं, दुसरीचं सातेक वर्षांपर्यंत, आणि अक्कलदाढेचं त्यानंतर, आठ ते तेरा-चौदा या वयात. दात उगवतो नंतर, पण घडतो तेव्हा. लोक ज्वारी-तूर सगळे काळ्या रानातलीच खातात, त्यामुळे अन्नाचा भाग सगळ्यांचा सारखा. फरक उरतो तो पाण्याचा.

हे शास्त्र जुनंच. नवं होतं ते सुतार. पूर्वी दात भरडून एकच सरासरी मिळायची. सुतार कवचाचा एकेक पापुद्रा वेगळा वाचायचा आणि पाणी कधी बदललं हे तीन आठवडे इकडे-तिकडे एवढ्या अचूकतेने सांगायचा.

फेब्रुवारीत एकसष्ट नमुन्यांचे आलेख तयार झाले. साठ आलेख सरळ रेषा होते. वरच्या बाजूला, ग्रॅनाइटच्या उंचीवर. १९४९ साली जन्मलेल्या म्हातारीपासून २०२८ साली जन्मलेल्या मुलीपर्यंत सगळे विहीर किंवा बोअर. निकालाच्या आधीही आणि नंतरही. वर्षातून एक गिलास पाणी इतकं थोडं असतं की सुतारला ते दिसतसुद्धा नाही.

एकसष्टावा आलेख नमुना क्रमांक एकचा होता. पहिली दाढ, सरळ रेषा. दुसरी दाढ, सरळ रेषा. अक्कलदाढेत रेषा एका ठिकाणी खाली पडत होती, अगदी काळ्या कातळाच्या पातळीपर्यंत, आणि मग पुन्हा वर येऊन तशीच सरळ पुढे जात होती. उत्पलाने वय आणि महिने मोजले. एप्रिल १९६३ ते फेब्रुवारी १९६४. दहा महिने.

तिने यंत्र पुन्हा चालवलं. पुन्हा दहा महिने.

तिला काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं, हे तिला कळत होतं. तिने डबा उघडून पोळी-भाजी खाल्ली, डबा धुतला, आणि करुणाला फोन केला. नावं न सांगता, एका नमुन्यात असं असं दिसतं, एवढंच सांगितलं.

करुणा म्हणाली, “हाच तर हवा होता! बाकी साठ आलेखांवर ते काय म्हणतील? म्हणतील, तलाव खुला होता, हे आलेच नाहीत, यांची मर्जी. पण हा माणूस आला होता. दहा महिने आला आणि मग परत गेला. कुणीतरी परत पाठवल्याशिवाय माणूस गोड पाणी सोडून कडू पाण्याकडे जात नाही.”

“आणि हा नमुना नसला तर?”

“तर आपण हरू. निकालांचं असंच असतं, मॅडम. अमेरिकेत चोपन्न साली कोर्टाने सांगितलं, गोऱ्या-काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवता येणार नाहीत. पुढच्याच वर्षी त्याच कोर्टाने पुस्ती जोडली की हे नीट विचारपूर्वक पण लवकर करा. तारीख दिली नाही. दक्षिणेत दहा वर्षांनीही शंभरातली दोन-तीनच काळी मुलं गोऱ्यांच्या शाळेत होती. निकाल कुठपर्यंत पोचला हे कुणी मोजतच नाही. आपण पहिल्यांदा मोजतोय.”

ते चोपन्न साल उत्पलाला पाठ होतं. ते गुरुजींच्या जन्माचं साल. निकालदिनाला वाचन करण्याआधी ते यादी म्हणायचे : महाडचं तळं, सदतीस साल. अमेरिकेच्या शाळा, चोपन्न. हिवरदरा, त्रेसष्ट. आणि अलीकडे शेवटी जोडलेलं, तुरुंगात जात पाहून झाडू देणं बंद, दोन हजार चोवीस. मुलं टाळ्या वाजवायची. पंचावन्न साल त्या यादीत कधी नव्हतं.

उत्पलाने त्या दुपारी अहवाल लिहायला घेतला. नमुना क्रमांक एकसमोर तिने टाइप केलं : ‘नमुना खराब. वाचन अपूर्ण.’ मग इतर साठ आलेख जोडले. पन्नाशीतली, तीस वर्षं नोकरी झालेली बाई, कधी एक आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. अहवाल पाठवायला पंधरा मार्चपर्यंत मुदत होती, म्हणून तिने तो तसाच ठेवून दिला.

*

नऊ मार्चला ती हिवरदऱ्याला गेली. बँड होता, मुलं होती, फोटो काढणारे होते. गुरुजी तलावाच्या पायरीवर खुर्ची टाकून बसले, कारण आता उभं राहवत नव्हतं. त्यांनी यादी म्हटली आणि मग निकाल वाचला, कागदाकडे न बघता. “सबब असे ठरविण्यात येते की सदर तलाव सार्वजनिक असून जातीच्या कारणाने कोणासही पाणी घेण्यास मनाई करता येणार नाही.” आवाज अजून खणखणीत होता. बारा गिलास फिरले. उत्पलाच्या हाती गिलास आला तेव्हा तिने तो वास घेऊन पाहिला. चिंच.

घरी आल्यावर गुरुजी पलंगावर टेकले. उत्पलाच्या भाच्याची बायको, स्नेहल, चहा ठेवून आत गेली. ती चार महिन्यांची गरोदर होती. उत्पलाने दार लोटून घेतलं.

“बाबा, तुमची अक्कलदाढ काय म्हनते सांगू?”

“सांग न.”

“दहा महिने तलाव. चैत्रापासून होळीपर्यंत. त्याच्या आधी इहीर, त्याच्या नंतर इहीर.”

गुरुजींनी चहा बशीत ओतला. प्यायले नाहीत. बशी तशीच हातात धरून बसले.

“महिने बी सांगते ते यंत्र?” त्यांनी विचारलं.

“हाव.”

“कायचे कायचे यंत्र काढता तुमी लोकं.” मग ते सांगू लागले, वर्गात धडा सांगावा तसे, एका सुरात. “तलावावर जात होतो आमी. पयल्या दिवशी माय घागर घेऊन पुढं, तिच्या मागं मी. नऊ वर्साचा होतो. कोनी हात उचलला नाही, शिवी देल्ली नाही, हे ध्यानात ठेव. दुसऱ्या दिवशी चक्कीवाल्यानं आमचं दळन परत केलं. मंग दुकान बंद. मंग निंदनाले कोनी बोलावलं नाही, कापूस वेचाले बोलावलं नाही. सारं गुपचूप. दहा महिने बायायनं जात्यावर दळलं. मायच्या हाताचं सालटं निघे. मानसं तीन-तीन कोस दूर कामाले जात.”

उत्पला वाट बघत होती. अशा गोष्टीत पुढे काय येतं हे तिला ठाऊक होतं. “कोन मेलं, बाबा?”

“कोनीच नाही. तेच तर आहे. कोनी मेलं असतं तर सांगता आलं असतं. आमी फक्त थकलो.”

बाहेर बँडवाले जेवत होते, त्यांच्या ताटांचा आवाज येत होता.

“होळीच्या आधी तुया आजा पाटलाच्या बैठकीत गेला. मी संग होतो. पाटील मानूस गोड. म्हने, रघुनाथ, कोर्टाचा मान आमी बी राखतो. सालातून एक दिवस या, वाजतगाजत या, सगळ्यायच्या समोर प्या. बाकीच्या दिवशी तुमची इहीर काय वाईट आहे? तुया आजा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी चक्की सुरू झाली. आठवड्यानं पाटलाचा गडी एक पोतं घेऊन आला. त्याच्यात हे गिलास होते. बारा.”

उत्पलाने कोपऱ्यात ठेवलेल्या गिलासांकडे पाहिलं. त्यांचे काठ चकचकीत होते, तिच्यानंतर आता कुणी दुसरी मुलगी ते घासत असणार. हे ऐकल्यावर संताप यावा, रडू यावं म्हणून ती थांबून राहिली. आलं नाही. बधिर करणारं इंजेक्शन दिल्यासारखं सगळं होतं. टोचतंय हे कळत होतं, दुखत नव्हतं.

“आजानं घरी येऊन सांगतलं,” गुरुजी म्हणाले, “पोरायले हे सांगजा नका. तलाव आपलाच आहे, इहीर जवळ आहे म्हनून वापरतो, असं सांगजा. मी तेच सांगतलं. मंग पुढं पुढं मलेबी तेच खरं वाटे. पुस्तिका लिहिली तवा मी खोटं लिहून राह्यलो असं वाटलंच नाही मले.” त्यांनी बशी खाली ठेवली. “रिपोर्टात टाकलं हे?”

“नाही. नमुना खराब आहे म्हनून लिहिलं.”

गुरुजींनी जिभेने मागची दाढ चाचपली. “खराब कायले लिहिलं? एवढी एकच तर चांगली राह्यली आहे माही.”

“तुमाले कोर्टात उभं करतील, बाबा. आजाचं नाव निघन.”

“निघू दे.” ते भिंतीकडे वळले. तिथे निकालाची फ्रेम होती, आणि तिच्या शेजारी आजोबांचा फोटो. “एकसष्ट घरायचे गुडघे वाकले आहेत त्या ओळीनं. मी लिहिली ती ओळ. लिहून टाक.”

त्या संध्याकाळी नागपूरला परतताना बसमध्ये तिने अहवालातली ओळ खोडली आणि आलेख जोडला.

*

सुनावणी मे महिन्यात झाली. दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेने नावं न कळता तेच नमुने तपासले होते आणि त्यांचाही आकडा दहा महिने असाच आला होता. तरी ग्रामपंचायतीच्या वकिलांनी, एका म्हाताऱ्याच्या एका दाढेवर सत्तर वर्षांचा इतिहास कसा उभा करणार, असं विचारलं. प्रश्न वाईट नव्हता. न्यायमूर्तींनी गुरुजींना बोलावून घेतलं आणि बसायला खुर्ची दिली. गुरुजी बसले नाहीत.

“ही पुस्तिका तुमची?” वकिलांनी विचारलं.

“माझीच.”

“यातलं हे वाक्य तुमचं? ‘त्या दिवसापासून आम्ही तलावाचेच पाणी पितो.’”

“माझंच.”

“आणि आज तुम्ही शपथेवर सांगता की दहाच महिने प्यायलात. म्हणजे एक तर तेव्हा खोटं लिहिलंत, नाहीतर आज खोटं बोलताय.”

“तेव्हा लिहिलं.”

“का?”

गुरुजी विचार करू लागले. करुणाने हरकत घ्यायला तोंड उघडलं होतं, पण न्यायमूर्तींनी हाताने थांबवलं.

“मी शिक्षक होतो, साहेब,” गुरुजी म्हणाले. “पोरांना सांगायला काहीतरी लागतं.”

मग त्यांनी चक्की, दुकान, कापूस, बैठक आणि गिलास हे सगळं सांगितलं. वडिलांचं नाव घेताना आवाज थोडा खाली गेला, तेवढंच. उत्पला मागच्या बाकावर बसली होती. शेजारच्या बाईने तिला पाण्याची बाटली पुढे केली. तहान नव्हती, तरी ती प्यायली.

वस्तीत परत आल्यावर कुणी गुरुजींना वाकडं बोललं नाही. फक्त रांगेत पुढे कुणी बोलावेना. समाजमंदिरातला रघुनाथ रामटेक्यांचा फोटो कुणी काढला नाही, त्याला हार घालणं तेवढं थांबलं. चुलत घराण्यातल्या एकाने उत्पलाला फोन करून सांगितलं, “आमच्यापाशी एकच चीज होती अभिमानाची. तू तिचं एक्सरे काढलं.” ती म्हणाली, हो.

यंत्राची बातमी मात्र वाऱ्यासारखी पसरली. सहा महिन्यांत राज्यभरातून तीनशेच्या वर गावांनी अर्ज केले. प्रयोगशाळेत सुतारची टकटक थांबेना. आणि मग जे व्हायचं तेही झालंच. एका दातांच्या डॉक्टरने उत्पलाला विचारलं, लग्नासाठी एका मुलीची दाढ वाचून मिळेल का. मुलाकडच्यांना फक्त एवढंच बघायचंय की ती गावाच्या कुठल्या बाजूची. तो हे इतक्या साध्या सुरात बोलला की उत्पलाने आधी चक्क यंत्राची मोकळी तारीख बघितली. मग फोन ठेवला. त्या दिवशी तिने, गावाच्या कुठल्या बाजूला कुठलं पाणी हे दाखवणारा प्रयोगशाळेतला पाण्याचा सगळा नकाशा कुलूपबंद करावा असा अर्ज करुणाकडून न्यायालयात दाखल केला.

*

निकाल फेब्रुवारी २०३८ मध्ये आला. न्यायमूर्तींनी लिहिलं होतं की हक्क कागदावर दिला म्हणजे दिला असं होत नाही. तो माणसाच्या शरीरापर्यंत पोचला की नाही हे मोजता येत असेल तर मोजलं पाहिजे. वस्तीला चार महिन्यांत तलावाच्या योजनेला जोडावं. आजारी माणसांवर उपचार व्हावेत. पाण्याचा नकाशा बंद राहावा आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय कुणाचाही दात वाचू नये. आणि शेवटी, या निकालानंतर वस्तीत जन्मणाऱ्या मुलांची पहिली दाढ आली की तिचं वाचन न्यायालयासमोर ठेवावं. देशात असं कलम कुठल्या निकालात नव्हतं. वर्तमानपत्रांनी याला ऐतिहासिक म्हटलं. तलावाच्या जुन्या निकालाचं साल ते एकसष्ट, बासष्ट, काहीही छापून मोकळे होतात, पण या वेळी बरोबर छापलं.

नळ जूनमध्ये जोडला गेला. त्याआधी निकालदिन आला, नऊ मार्च. बँड सांगितला नव्हता. तलावावर कुणी गेलं नाही. तरी सवयीने माणसं समाजमंदिराच्या ओट्यावर जमली आणि कुणीतरी नव्या निकालाची प्रत गुरुजींच्या हातात दिली.

“वाचा गुरुजी.”

वर्षभराने पहिल्यांदा त्यांना कुणी पुढे बोलावलं होतं. गुरुजींनी चष्मा लावला. पानं उलटून शेवटचं पान काढलं. मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि कागदाची घडी केली.

“अजून लागला नाही निकाल,” ते म्हणाले.

“लागला न! हा काय हातात आहे तुमच्या,” एक जण म्हणाला.

“त्रेसष्ट साली बी हातात होता.” गुरुजींनी मान वळवायचा प्रयत्न केला, ती वळली नाही, म्हणून ते अख्खेच वळले. स्नेहल भिंतीशी बसली होती, मांडीवर सात महिन्यांची मैत्री. “स्नेहल, हिले दाढ कवा येईन?”

स्नेहलने उत्पलाकडे पाहिलं. उत्पला म्हणाली, “पयली दाढ सहाव्या वर्सी. पन हे चालनार नाही, बाबा. निकालाच्या आधी जन्मली ही. आनी सुरवातीचं कवच बोअरच्या पान्याचंच भरन.”

“चालते. सुरवातीचं इहिरीचं दिसन, पुढचं तलावाचं. कोर्टाले नको असन तर नको, मले पाह्यचं आहे.” मग त्यांच्या लक्षात आलं. “मी नसतो म्हना तवा. तू पाह्यजो. रेष खाली पडली आनी खालीच राह्यली, तर इथं येऊन वाचजो हा कागद. वर गेली तर नको वाचजो.”

त्यांनी घडी केलेला निकाल उत्पलाच्या हातात दिला आणि काठी टेकत घराकडे निघाले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हळूहळू माणसं उठली. बारा गिलास त्या वर्षी कुणी घासले नव्हते, ते कोपऱ्यात काळपट पडून होते.

उत्पला स्नेहलशेजारी जमिनीवर बसली. मैत्रीने तिचं बोट धरलं आणि सरळ तोंडात घातलं. उत्पलाने काढून घेतलं नाही. बोट तसंच मागे, दाढेच्या जागेपर्यंत नेऊन तिने चाचपून पाहिलं. हिरडी मऊ, गुळगुळीत होती. तिथे अजून काहीच नव्हतं.